दगडाचा हवाला

आदिलाबादेहून जैनदचे अंतर सुमारे वीस किलोमीटरचे. दोन्ही अंगांना कापसाची काळी जमीन, आणि गावात लक्ष्मीनारायणाचे एक प्राचीन देवालय. या देवालयाविषयी जी माहितीपत्रके आणि ज्या प्रवासपुस्तिका हाती येतात, त्या बहुतेकांत एकाच साच्यातून काढल्यासारखे एक विधान पुनःपुन्हा भेटते: येथील शिळेवर वीस श्लोकांचा प्राकृत लेख असून हे देऊळ कोणा पल्लव अधिपतीने बांधल्याचे त्यावरून दिसते. हे प्रथम कोणी वाचले, कोणत्या साली वाचले, शिळेचा ठसा कोणी घेतला, याचा त्या विधानाशेजारी मागमूसही नसतो. उलटपक्षी, पुरातत्त्व खात्याच्या 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखसंग्रहाच्या बाविसाव्या खंडात जैनदचा जो लेख संपादून छापलेला आहे तो संस्कृत आहे. माळव्याच्या परमार घराण्यातील उदयादित्याचा पुत्र जो जगद्देव, त्याच्या पराक्रमाची स्तुती त्यात आहे. आणि त्याचा अधिकारी लोलार्क याच्या पद्मावती नावाच्या पत्नीने निंबादित्य या देवतेचे मंदिर उभारल्याची नोंद त्यात आहे. पल्लवांची कांची कोठे आणि परमारांची धारा कोठे! शिवाय पल्लवांचे राज्य नवव्या शतकाच्या अखेरीस लयाला गेले, आणि याच जगद्देवाचा शके १०३४ चा, म्हणजे इसवी सन १११२ चा, लेख शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात डोंगरगाव येथे सापडलेला आहे.

आता, आदिलाबादच्या एखाद्या मराठी शाळेतला किंवा महाविद्यालयातला विद्यार्थी आपल्या तालुक्याच्या इतिहासावर पाचसहा पानांचा निबंध लिहावयास बसला आणि ही दोन्ही विधाने त्याच्या पुढ्यात आली, तर त्याने कोणते घ्यावे? दुसरे विधान अधिक विद्वत्तेचे वाटते म्हणून घ्यावे, हे उत्तर खरे नव्हे. ते घ्यावयाचे ते अशासाठी की त्याच्या तळाशी पत्ता आहे. ज्याला शंका येईल त्याने तो खंड उघडावा, ठशाचे चित्र डोळ्यांखाली घालावे, अक्षरे जुळतात की नाही ते पाहावे, आणि जुळत नसतील तर संपादकाशी खुशाल भांडावे. पहिल्या विधानाशी भांडण्याचीही सोय नाही, कारण भांडावयास समोर कोणी उभाच नाही. इतिहासाच्या निबंधातील तळटीप ही वस्तू मुळात एवढीच आहे, आणि या प्रकरणात तिच्याविषयी जे काही सांगावयाचे आहे ते या जैनदच्या दगडाभोवतीच फिरणार आहे.

आपल्या निजामी मुलुखात या वस्तूला नावांची वाण कधीच नव्हती. उर्दू लिहिणारा मुनशी तिला 'हाशिया' म्हणे, म्हणजे पानाच्या कडेची मोकळी पट्टी आणि त्या पट्टीत लिहिलेला मजकूर. मराठी शाळेतला मास्तर त्याच पट्टीला 'समास' म्हणे आणि तो सोडला नाही म्हणून पोरांच्या हातावर छडी मारी. कचेरीत मात्र शब्द चाले तो 'हवाला'. अर्जात एखादी गोष्ट मांडली की पेशकार विचारी, हवाला काय? आणि अर्जदाराला मिसल क्रमांक, फसली, म्हणजे महसुली, सन आणि हुकमाची तारीख सांगावी लागे. ती सांगता आली नाही तर अर्ज बाजूला पडे. ज्या जिल्ह्यात तेलुगू, मराठी, उर्दू, गोंडी, कोलामी आणि लंबाडी या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात, तेथील विद्यार्थ्याला तळटीप हे विलायतेहून आलेले नवे लोढणे वाटण्याचे वस्तुतः काही कारण नाही.

जुन्या संस्कृत पोथ्या पाहिल्या तर त्यांत 'त्रिपाठ' नावाची एक मांडणी आढळते: पानाच्या मध्यभागी ठळक अक्षरात मूळ, आणि त्याच्या वर व खाली बारीक अक्षरात टीका. काश्मीरच्या कल्हणाने बाराव्या शतकात 'राजतरंगिणी' लिहिताना आपण पूर्वसूरींचे अकरा ग्रंथ आणि 'नीलमतपुराण' पाहिले, देवळांचे व दानांचे लेख तपासले, हे आरंभीच नमूद करून ठेवले. त्याला तळटीप ठाऊक नव्हती, परंतु हवाला द्यावा लागतो हे ठाऊक होते. युरोपात गिबनने आपल्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली काढला तेव्हा त्याच्या टीपा ग्रंथाच्या शेवटी घातल्या होत्या. त्या चाळताना दरवेळी पाने उलटावी लागतात म्हणून तत्त्वज्ञ ह्यूम कुरकुरला, आणि पुढील आवृत्त्यांत त्या टीपा पानाच्या पायथ्याशी आल्या. वाचकाला श्रम पडू नयेत, एवढ्याच व्यावहारिक कारणासाठी झालेला हा फेरफार आहे. त्यामागे काही गूढ शास्त्र शोधू नये.

मराठीत मात्र या विषयाला एक निराळीच धार आहे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पानोपानी टीपा होत्या, आणि ज्या हस्तलिखितांचा त्याने आधार घेतला त्यांच्या नकला आपण मुंबईच्या साहित्यमंडळाकडे ठेवल्याचेही त्याने सांगितले होते. पुढे शोध घेता त्या नकला मिळाल्या नाहीत. म्हणजे टीप होती, पत्ता होता, पण पत्त्यावरचे घरच नाहीसे झालेले! त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १८६७ च्या आसपास, पुण्याच्या नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या एका तरुणाने विद्यार्थिदशेतच डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला, आणि मोठ्या साहेबाच्या लिखाणातील त्रुटी त्याच्या आधारांपाशी जाऊन दाखविता येतात, हे महाराष्ट्राला प्रथम कळले. आमच्या इतिहाससंशोधनाच्या आरंभी एका विद्यार्थ्याचा लहानसा निबंध उभा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती शाळांतून सांगितली जात नाही याचे वैषम्यही वाटते.

पुढे वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली ती याच जिद्दीने. गावोगाव पायपीट करून, माळ्यावरची, फडताळातली, क्वचित वाण्याच्या पुड्या बांधण्यास निघालेली दप्तरे मिळवावयाची आणि प्रत्येक पत्राला लेखांक देऊन ते छापावयाचे. त्या लेखांकाचे मोल आज आपल्या ध्यानात येत नाही. 'पेशव्यांच्या एका पत्रात असे आहे' असे म्हणणे आणि 'राजवाडे, अमुक खंड, अमुक लेखांक' असे म्हणणे यांत, बाजारगप्पा आणि कोर्टातली जबानी यांत जेवढे अंतर असते तेवढे अंतर आहे.

इतकी पार्श्वभूमी पुरे. आता निबंधाकडे वळू. पाचसहा पानांच्या निबंधाला किती टीपा असाव्यात, असे विद्यार्थी नेहमी विचारतात, जणू काय हे मिठाचे प्रमाण आहे. मी दहापासून पंधरापर्यंत म्हणेन, परंतु हा माझा अजमास झाला, नियम नव्हे. जे सर्वांना ठाऊक आहे त्याला टीप लागत नाही. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरण आले, किंवा १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली, याला हवाला मागणारा परीक्षक भेटला तर तो कुचकट समजावा. पण त्या रचनेत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघाले आणि त्यामुळे अमुक गावच्या मराठी शेतकऱ्याला अमुक अडचण आली, असे लिहिले की लगेच टीप हवी, कारण ही गोष्ट कोणीतरी पाहिलेली, मोजलेली किंवा ऐकलेली असणार, आणि तो 'कोणीतरी' कोण हे विचारण्याचा वाचकाला अधिकार आहे. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्ह आणि टीप दोन्ही हवीत. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडला तरी टीप हवीच. पुष्कळ प्रामाणिक मुले येथेच फसतात, कारण शब्द बदलले म्हणजे विचार आपला झाला असे त्यांना मनापासून वाटत असते.

टीपांक वाक्याच्या अखेरीस, विरामचिन्हानंतर, ओळीच्या किंचित वर लिहावा आणि आरंभापासून अखेरपर्यंत क्रम एकच ठेवावा. प्रथमोल्लेखी टीप पूर्ण असावी: ग्रंथकर्त्याचे नाव, ग्रंथाचे नाव, आवृत्ती असल्यास ती, प्रकाशक, स्थळ, वर्ष आणि पृष्ठांक. उदाहरणार्थ: क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ, 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद', पुस्तक पहिले, मॅकमिलन, लंडन, १९४८, पृ. इतके. तो 'इतके' मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे, कारण पृष्ठांक हा दुसऱ्याकडून उसना घ्यावयाचा पदार्थ नव्हे. तो ज्याने त्याने पुस्तक उघडून भरावा. पुन्हा तोच ग्रंथ आला तर 'हायमेनडॉर्फ, पृ.' एवढे पुरते. पहिली टीप पूर्ण दिली असेल तर इतक्या लहान निबंधाला शेवटी स्वतंत्र संदर्भसूचीचे शेपूट जोडण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. शाळेचा दंडक निराळा असेल तर अर्थातच शाळेचे ऐकावे.

'तत्रैव' या शब्दाचा मात्र जपून वापर करावा. लागोपाठच्या दोन टीपा एकाच ग्रंथाच्या असल्या म्हणजे दुसरीत 'तत्रैव' लिहिण्याची चाल फार जुनी आणि सुटसुटीत आहे. परंतु हल्ली निबंध संगणकावर लिहिला जातो, रात्री अकरा वाजता मध्येच एक नवी टीप घुसविली जाते, यंत्र सर्व अंक आपोआप पुढे सरकवते, आणि 'तत्रैव' बिचारे जेथल्या तेथे राहून भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. म्हणून शेवटचा खर्डा होईपर्यंत प्रत्येक टीपेत ग्रंथकर्त्याचे नाव राहू द्यावे, आणि सगळे स्थिरस्थावर झाल्यावरच 'तत्रैव' घालावे.

याहून अवघड प्रकरण आहे ते परभारे आलेल्या आधाराचे. मी विद्यार्थी असताना एका निबंधात एका फारसी तवारिखेचा हवाला मोठ्या दिमाखाने दिला होता. फारसीचे 'अलिफ' मला ठाऊक नव्हते. हवाला मी दुसऱ्याच्या ग्रंथाच्या तळटीपेतून अलगद उचलला होता, आणि त्या ग्रंथात छपाईच्या चुकीने पडलेला पृष्ठांकसुद्धा मी इमानेइतबारे तसाच उतरविला होता. परीक्षकांनी चौकशी केली तेव्हा माझी जी त्रेधा उडाली ती सांगण्यात आता काही हशील नाही. सरळ मार्ग असा की मूळ लेखकाचे नाव द्यावे आणि पुढे 'अमुकाच्या ग्रंथात उद्धृत' असे लिहून, आपण प्रत्यक्ष जे पुस्तक हाताळले त्याचाच पृष्ठांक द्यावा.

आदिलाबादच्या विद्यार्थ्याला या बाबतीत एक घरचाच आदर्श आहे. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतले अधिकारी. या जिल्ह्यात आदिवासींच्या कामावर असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले, 'अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद' हे पुस्तक त्यांनी १९४९ साली लिहिले, कोलामीचे व्याकरण १९५० साली आणि गोंडीचे १९५४ साली. याच गृहस्थांनी पुढे मोगल काळातील फारसी साधने मराठीत आणण्याचे प्रचंड काम केले. त्यांच्या अनुवादातून भीमसेन सक्सेनाचे 'तारीखे दिलकुशा' वाचणाऱ्या मुलाने टीपेत भीमसेनाचे नाव द्यावे, पण पगडींचेही द्यावे. भीमसेन फारसीत बोलला आणि आपण ते पगडींच्या कानांनी ऐकले, हे टीपेत उमटले पाहिजे.

सर्वांत नाजूक उदाहरण गोंडांच्या उठावाचा पुढारी कोमुरम भीम याचे. जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना १९४० साली भीम पडला, हे या प्रदेशात लहान मूलही सांगेल. पण कोणत्या दिवशी? कोणी १ सप्टेंबर लिहितो, कोणी ८ ऑक्टोबर, कोणी १६ ऑक्टोबर, कोणी २७ ऑक्टोबर. आणि जोडेघाटला त्याची पुण्यतिथी पाळली जाते ती आश्विन पौर्णिमेला. पंचांग मागे नेले तर १९४० ची आश्विन पौर्णिमा १६ ऑक्टोबरला येते. त्यातच संस्थानचा कारभार चाले तो फसली सनाने, आणि ते नवे वर्ष आजूर महिन्याबरोबर ऑक्टोबरच्या आरंभी लागे, तेव्हा १ सप्टेंबर ही तारीख खरी मानली तर घटना १३४९ फसलीत पडते आणि पौर्णिमा खरी मानली तर १३५० फसलीत. हैदराबादेत तारनाक्याच्या अभिलेखागारात मिसल मागावयास गेलेल्या माणसाने सन चुकीचा सांगितला तर बस्ता भलताच निघावयाचा. अशा वेळी विद्यार्थ्याने एक तारीख निवडून बाकीच्या गिळून टाकू नयेत. निबंधाच्या मजकुरात 'ऑक्टोबर १९४०, लोकस्मृतीप्रमाणे आश्विन पौर्णिमा' असे लिहावे, आणि कोणत्या पुस्तकात कोणती तारीख आहे, आपण कोणती का धरली, हे तळटीपेत चार ओळींत सांगावे. निबंधाचा ओघ न तोडता वाद मांडण्याची ही जागा आहे, आणि माझ्या मते हवाल्याइतकाच तिचा हाही उपयोग मोठा आहे.

या घटनेनंतर काही काळाने हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या डोंगरात हिंडला. युद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून तो संस्थानात अडकून पडला होता, आणि ती अडचण त्याने कारणी लावली; १९४५ च्या 'ट्रायबल हैदराबाद' या अहवालसंग्रहात त्याने या उठावाची कारणे जंगलखात्याच्या जाचात आणि जमिनीच्या दाव्यांत शोधली आहेत. हा निजाम सरकारला दिलेला अहवाल आहे, हेही टीपेत एका शब्दाने सुचवावे. अहवाल कोणासाठी लिहिला यावरून त्यात काय आले आणि काय गाळले गेले असावे, हे वाचक ताडतो. भीमवर तेलुगूत कादंबरी आहे, आणि २०२२ च्या 'आरआरआर' नावाच्या बोलपटात तर तो दिल्लीत जाऊन नाचतोही. कादंबरीचा आणि बोलपटाचा हवाला देऊच नये असे नाही. लोक आज भीमची आठवण कशी करतात हा निबंधाचा विषय असेल तर ते अव्वल दर्जाचे पुरावे आहेत. १९४० साली काय झाले याला मात्र ते साक्षीदार नव्हेत.

जिल्ह्याचे नाव लिहितानाही सावध असावे. १९०५ पूर्वीच्या कागदात हा मुलूख सिरपूर-तांदूर म्हणून भेटतो. १९४० च्या 'आदिलाबाद जिल्ह्या'त किनवट आणि राजुरा होते. २०१६ साली जिल्ह्याचे चार भाग झाले आणि जोडेघाट आता कोमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. एका टीपेत हे सांगून टाकले म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

राहता राहिला कागदावर नसलेला आधार. राज गोंडांचा इतिहास पिढ्यान् पिढ्या सांभाळला तो परधानांनी, म्हणजे त्यांच्या परंपरागत भाटांनी, किकरी या तंतुवाद्याच्या तारेवर, आणि हायमेनडॉर्फचे १९४८ चे पुस्तकही पुष्कळसे त्यांच्याच कथनावर उभे आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावास्येच्या रात्री मेश्राम कुळाची नागोबाची पूजा होते. तेथे कोणा वृद्ध परधानाकडून कुळाची कथा ऐकून एखादा मुलगा ती निबंधात घेईल, आणि घ्यावीच. 'असे म्हणतात' लिहून मोकळे होणे हा त्या म्हाताऱ्यावर अन्याय आहे. पुस्तकाच्या लेखकाला जो मान, तोच त्याला: नाव, ते छापण्यास त्याची अनुमती असेल तर, वय, गाव, कुळ, कोणत्या दिवशी, कोठे बसून सांगितले, गोंडीत सांगितले की मराठीत, आणि गोंडीत असल्यास अर्थ कोणी समजावून दिला, ध्वनिमुद्रण केले असल्यास ते कोणापाशी आहे. टीप लांबेल, पानाचा चतुर्थांश खाईल, खाऊ द्यावा. आणि कथा सांगताना मध्येच खोकल्याची उबळ येऊन एखादा प्रसंग राहिला, तो दुसऱ्या दिवशी त्याच्या नातवाने पुरा केला असेल, तर तेही लिहावे: येथवर आजोबा, येथून पुढे नातू.